मराठी लेखातले कीवर्ड कसे तपासावेत: कैरीच्या लोणच्याच्या उदाहरणासह

लेख लिहून होतो, दोनदा वाचून होतो, आणि मग तो गूगलवर सापडेल का ही चिंता सुरू होते. नवीन लिहिणारे बहुधा एखाद्या फुकट तपासणी-साधनात मजकूर डकवतात. साधन लाल ठिपका दाखवते: कीवर्ड, म्हणजे लोक गूगलमध्ये टाकतील तो शब्द, फक्त ३ वेळा आला आहे. मग तोच शब्द आणखी दहा ठिकाणी कोंबला जातो आणि बऱ्यापैकी लेखाची वाट लागते.

दोष बहुतेक वेळा लेखाचा नसतो, मापाचा असतो. ही साधने इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून तयार झाली आहेत. इंग्रजीत नाम वाक्यात कुठेही बसले तरी त्याचे रूप फारसे बदलत नाही. मराठीत ‘लोणचे’ बरणीत घातले की लगेच ‘लोणच्याची बरणी’ होते, आणि साधनाच्या लेखी तिथे तो शब्दच नसतो. म्हणून मराठी लेख तपासताना दोन कामे हातानेच करावी लागतात: शब्दाची सगळी रूपे गोळा करणे आणि तो नेमक्या जागी आला आहे का ते बघणे. आकड्याची पाळी त्यानंतर.

खाली सगळीकडे एकच उदाहरण धरले आहे: कैरीच्या लोणच्याची कृती सांगणारा साधारण ९०० शब्दांचा लेख. मसुदा पूर्ण झाल्यावरच ही तपासणी करायला घ्या. लिहिता लिहिता कीवर्ड मोजत बसले तर वाक्ये ठोकळ्यांसारखी होतात.

आधी शब्द पक्का करा

कीवर्ड म्हणजे वाचक शोधखिडकीत जे टाकतो ते. बऱ्याचदा तो एक शब्द नसून दोन-चार शब्दांचा तुकडा असतो: ‘कैरीचे लोणचे’, ‘कैरीचे लोणचे प्रमाण’, ‘लोणच्याला बुरशी का येते’. एका लेखासाठी असा एक मुख्य तुकडा आणि त्याच्या पोटातले तीन-चार प्रश्न पुरतात.

ते शोधायला पैसे मोजायची गरज नाही. मोबाइलवर इन्कॉग्निटो खिडकी उघडा, म्हणजे तुमच्या आधीच्या शोधांचा परिणाम कमी होईल. गूगलमध्ये ‘कैरीचे लो’ एवढेच टाइप करून थांबा. खाली येणाऱ्या सूचना उतरवून घ्या. मग हेच रोमन लिपीत करा, कारण कळफलक बदलायचा कंटाळा असलेले असंख्य वाचक मराठी शब्द रोमनमध्येच टाकतात. निकालांच्या मध्ये ‘लोक हेही विचारतात’ अशी प्रश्नांची पेटी दिसली तर तीही टिपा. तुमच्या लेखाचे उपमथळे तिथेच मिळतात.

आता पहिल्या पानावरचे निकाल नीट बघा. सगळ्या कृतीच असतील तर वाचकाला कृती हवी आहे. बरण्या विकणारी दुकाने जास्त असतील तर तुमची कृती तिथे पोहोचायला अवघड, शब्द थोडा बदला. ‘मोदक रेसिपी’सारखा तुकडा हिंदीतही हुबेहूब असाच लिहितात, त्यामुळे निकालांत दोन्ही भाषांची पाने मिसळतात. ‘उकडीचे मोदक’ म्हटले की मराठी वाचक वेगळा निघतो. लोणच्याला ही अडचण नाही, हिंदीत अचार आहे.

एखादा शब्द कधी किती शोधला गेला याचा आलेख दाखवणारे गूगल ट्रेंड्स हे गूगलचे फुकट साधन आहे. तिथे ‘लोणचे’ आणि ‘लोणचं’ शेजारी ठेवून बघा, प्रदेश म्हणून महाराष्ट्र निवडा. तिथले ० ते १०० हे आकडे शोधांची संख्या सांगत नाहीत. निवडलेल्या काळातला सर्वोच्च बिंदू १०० धरून बाकीचे त्या प्रमाणात दाखवलेले असतात. शोध फारच कमी असले तर आलेख रिकामा येतो, आणि मराठी शब्दांच्या बाबतीत हे वारंवार होते. त्यावरून ‘कोणी शोधतच नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

एक सावधगिरी. समानार्थी वाटणारा प्रत्येक शब्द समानार्थी नसतो. मेथांबा, तक्कू, साखरांबा हे सगळे कैरीचेच, पण मेथांबा शोधणाऱ्याला लोणचे नको आहे. तो शब्द केवळ जास्तीचे वाचक खेचायला आपल्या लेखात घातला तर आलेला माणूस दोन सेकंदांत परत जातो. त्यासाठी वेगळा लेख लिहा.

रूपांची यादी

हा टप्पा बहुतेक मार्गदर्शकांत नसतो आणि मराठीत सगळे काम इथेच अडते.

कागदावर मुख्य शब्द लिहा आणि त्याला विभक्ती लावत जा. लोणचे, लोणचं, लोणची, लोणच्याचा, लोणच्याला, लोणच्यात, लोणच्यासाठी, लोणच्यांचे. सगळ्यांत समान काय राहते? ‘लोणच’. हा झाला शोधायचा तुकडा. ‘कैरी’ सोपी वाटते, कारण कैरीचे, कैरीला, कैरीत या सगळ्यांत ती तशीच राहते, पण अनेकवचन होताच ‘कैऱ्या’, ‘कैऱ्यांच्या’. इथे समान भाग फक्त ‘कै’ उरतो, आणि तो शोधला तर ‘कैक’ आणि ‘कैफियत’सुद्धा सापडेल. त्यामुळे ‘कैरी’ आणि ‘कैऱ्या’ असे दोन वेगळे शोध घ्यावे लागतात.

सगळ्यांत जास्त फसवतात ते उपान्त्य (शेवटून दुसरे) अक्षर दीर्घ असलेले शब्द. जमीन, पण जमिनीचा. विहीर, पण विहिरीवर. भुईमूग, पण भुईमुगाची. फूल, पण फुलांचा. ‘जमीन मोजणी’ हा कीवर्ड असलेल्या लेखात ‘जमिनीची मोजणी’ वीस वेळा आली असली तरी ‘जमीन’ शोधणाऱ्या साधनाला त्यातले एकही दिसत नाही. म्हणून अशा शब्दांचे ऱ्हस्व रूप यादीत हटकून हवे.

गावांच्या नावांची तर मजाच आहे. पुणे–पुण्यात, ठाणे–ठाण्यात, सातारा–साताऱ्यात, गोवा–गोव्यात, आणि नाशिकचे बोलीत ‘नाशकात’. इथे साधनाला खूश करण्यासाठी एक नवीनच मराठी तयार झाली आहे: ‘पुणे मध्ये लोणचे मसाला’, ‘ठाणे मधील सर्वोत्तम’. शब्द मूळ रूपात राहावा म्हणून प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय तोडून लांब ठेवायचे. मराठीत ‘मध्ये’ नामाला चिकटते आणि नामाचे सामान्यरूप करते. ‘पुण्यात’ किंवा ‘पुण्यामध्ये’ हेच बरोबर. वाचकाने शोधखिडकीत ‘पुणे’ टाकले असेल, म्हणून त्याला लेखातही तसेच वाचायचे आहे असे नाही. शोधखिडकीत माणूस तारेच्या भाषेत लिहितो.

गूगलला हे समजते का? २०१९च्या डिसेंबरात गूगलने बर्ट हे तंत्र ७०हून अधिक भाषांतल्या शोधासाठी लागू केल्याचे जाहीर केले आणि त्या यादीत मराठी होती. हे तंत्र शब्द सुटा न बघता आजूबाजूच्या शब्दांसह बघते. म्हणजे ‘लोणच्याला बुरशी’ आणि ‘लोणचे बुरशी’ यांचा संबंध लावायला यंत्राला आता पूर्वीइतकी अडचण नाही. तरीही मूळ रूप लेखात दोन-तीन ठिकाणी स्वच्छ असावे हे बरे. ते कुठे, ते पुढे येते.

दिसायला एक, आतून वेगळे

‘कैऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरलेले असते. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारा जोडचिन्हाचा संकेत असतो: ‘कैर्‍या’. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या दृष्टीने ते वेगळे शब्द आहेत. शिवाय मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे डकवताना तो न दिसणारा संकेत गळून पडला की ‘कैर्या’ असा रफार चढतो. ‘शेतकर्यांना’, ‘दुसर्या’ असे शब्द अनेक संकेतस्थळांवर दिसतात, त्याचे एक मोठे कारण हेच.

अशीच जोडी ‘ॲ’ची. एक ‘ॲ’ हे एकसंध अक्षर, आणि दुसरे ‘अ’वर चंद्र चढवून केलेले ‘अॅ’. एकसंध अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक मानकात, २००८ साली आले, त्यामुळे जुन्या मजकुरात दुसराच प्रकार सापडतो. ‘बँक’ आणि ‘बॅंक’ हीही तीच गोष्ट: एकात चंद्रबिंदू, दुसऱ्यात चंद्र आणि अनुस्वार वेगवेगळे. ‘ॲसिडिटी’, ‘ॲप’, ‘बँक’ असले शब्द तुमचे कीवर्ड असतील तर हे तपासणे टाळू नका.

तपासायचे असे. लेखातला शब्द कॉपी करून शोधा, किती वेळा सापडतो ते लिहून ठेवा. मग तोच शब्द स्वतः टाइप करून शोधा. दोन आकडे वेगळे आले तर लेखात निदान काही ठिकाणी दुसरा प्रकार आहे. ‘शोधा आणि बदला’ वापरून एकच प्रकार ठेवा. ‘ऱ’ स्वतंत्र अक्षराचा ठेवलेला बरा, तो डकवताना तुटत नाही. भारतीय भाषांसाठीच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबली की तो येतो. हे घोळ बहुधा दोन जणांनी मिळून लिहिलेल्या किंवा अर्धा फोनवर, अर्धा संगणकावर लिहिलेल्या लेखात असतात.

श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर असेल तर आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्या. तसा डकवला तर ती देवनागरी नसतेच, फॉन्ट काढला की उरतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. रूपांतरानंतर जोडाक्षरे एकदा नजरेखालून घाला, तिथेच चुका राहतात.

शोधण्याचे साधन आधी पारखा

किलोचे माप खरे आहे का हे बघितल्याशिवाय धान्य मोजू नये. रिकाम्या पानावर एवढी ओळ लिहा:

लोणचे लोणचं लोणची लोणच्यात

आता कंट्रोल-एफ दाबून ‘लोणच’ शोधा. ४ आले तर साधन कामाचे. ३ आले तर ते जोडाक्षराच्या मध्ये शब्द तोडत नाही, म्हणजे ‘लोणच्या’ वेगळे शोधून आकडा मिळवावा लागेल. १ किंवा ० आले तर ‘पूर्ण शब्दच शोधा’ ही खूण चालू आहे का बघा. ब्राउझर, वर्ड, गूगल डॉक्स, नोटपॅड यांची वागणूक एकसारखी नाही, त्यामुळे ज्यात काम करणार त्यातच ही चाचणी घ्या.

ऑनलाइन शब्दमोजणी साधनांनाही हीच चाचणी द्या. ही ओळ ४ शब्दांची आहे. काही साधने मात्रा आणि हलन्तापाशी शब्द तोडून भलताच आकडा देतात, तर काहींना देवनागरी दिसतच नाही आणि उत्तर शून्य येते. चॅटबॉटला मोजायला सांगू नका, तो आत्मविश्वासाने चुकतो.

कुठे हवा

शब्द किती वेळा आला यापेक्षा तो या जागांवर आहे का हे बघणे जास्त उपयोगाचे आहे.

टायटल, म्हणजे शोधनिकालात निळ्या अक्षरांत दिसते ते. मुख्य तुकडा इथे मूळ रूपात आणि शक्यतो सुरुवातीला हवा: ‘कैरीचे लोणचे: १ किलोचे प्रमाण आणि बुरशी टाळण्याचे उपाय’. ‘टायटल ६० अक्षरांचे असावे’ हा सल्ला मराठीला तसाच लावू नका. गूगल अक्षरे मोजून टायटल तोडत नाही, रुंदी बघून तोडते. आणि साधने मात्रासुद्धा वेगळे अक्षर म्हणून मोजतात. ‘कैरीचे लोणचे’ यात आपल्याला ६ अक्षरे दिसतात, साधनाला मधल्या जागेसकट १२. त्यामुळे आकड्यावर विसंबण्यापेक्षा टायटल फोनच्या पडद्यावर वाचून बघा आणि महत्त्वाचे ते पहिल्या पाच-सहा शब्दांत आणा. गूगल अनेकदा स्वतःच दुसरे टायटल दाखवते, बहुधा पानावरचा मथळा उचलून. म्हणून मथळाही तितकाच नीट हवा.

मथळ्यात तोच तुकडा येऊ द्या, पण शब्दशः टायटलची नक्कल नको.

पहिला परिच्छेद. पहिल्या दोन-तीन वाक्यांत मुख्य तुकडा एकदा. इथे नसेल तर बहुधा लेखाची सुरुवातच लांबली आहे: उन्हाळा, आजीची आठवण, अंगणातले झाड, आणि लोणचे चौथ्या परिच्छेदात. कीवर्ड घुसवू नका, सुरुवात कापा.

उपमथळ्यांत मुख्य तुकड्यापेक्षा पोटातले प्रश्न यावेत: ‘१ किलो कैरीला मीठ किती’, ‘फोडी पुसून कोरड्या का करायच्या’, ‘बुरशी आली तर’. प्रत्येक उपमथळ्यात ‘कैरीचे लोणचे’ दिसत असेल तर ते जास्त झाले. अशा लेखात एखाद-दुसऱ्या उपमथळ्यात आला तरी पुष्कळ.

चित्राचे वर्णन, म्हणजे ऑल्ट मजकूर, हा दृष्टिहीन वाचकाला ऐकू येतो हे लक्षात ठेवून लिहा. ‘चिनी मातीच्या बरणीत भरलेले कैरीचे लोणचे, वर तेलाचा थर’ हे वर्णन आहे. ‘लोणचे रेसिपी कैरी लोणचे मराठी’ हे वर्णन नाही. सहा चित्रे असतील तर सहाही ठिकाणी तोच तुकडा नको. मसाल्याच्या चित्राखाली मसालाच लिहा.

पत्ता, ज्याला स्लग म्हणतात. इथे एक खड्डा आहे. देवनागरी पत्ता कॉपी केला की त्याची टक्के-चिन्हे, आकडे आणि इंग्रजी अक्षरांची माळ होते, आणि त्यात प्रत्येक देवनागरी संकेताची, म्हणजे अक्षराची किंवा मात्रेची, ९ चिन्हे होतात. ‘कैरीचे-लोणचे’ यात मात्रांसह ११ संकेत आहेत: ९९ चिन्हे आणि मधली आडवी रेघ, झाली १००. वर्डप्रेस ही संकेतस्थळ चालवायची प्रणाली स्लगला २०० चिन्हांची मर्यादा घालते. म्हणजे मथळा लांब असेल आणि स्लग आपोआप तयार होऊ दिला तर तो तीन-चार शब्दांतच तुटतो, कधी शब्दाच्या मध्येच. एक तर देवनागरीत दोनच शब्दांचा स्लग द्या, किंवा रोमन लिपीत छोटा स्लग हाताने लिहा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या लेखाला रोमन बरा, दुवा आटोपशीर दिसतो. लेख प्रकाशित झाल्यावर मात्र तो बदलायच्या फंदात पडू नका. बदललाच तर जुना पत्ता नव्याकडे वळवून द्या.

मेटा वर्णन, म्हणजे शोधनिकालासाठी लिहिलेला पानाचा छोटा सारांश. त्याने क्रमांक वर जात नाही, पण निकालाखालच्या दोन ओळी तिथून येऊ शकतात, म्हणून माणसाने वाचावे असे लिहा. ‘मेटा कीवर्ड’ नावाची पेटी दिसली तर रिकामी सोडा. वेब शोधात ती क्रमवारीसाठी वापरत नसल्याचे गूगलने २००९मध्येच सांगितले आहे. आजही मराठी संकेतस्थळांवर त्या पेटीत चाळीस-चाळीस शब्द भरलेले आढळतात. तेवढ्या वेळात आणखी एक उपमथळा लिहून झाला असता.

आता मोजा

घनता काढायचे गणित सोपे आहे: शब्द आला तितक्या वेळा, भागिले एकूण शब्द, गुणिले १००. समजा आपल्या ९०० शब्दांच्या लेखात ‘कैरीचे लोणचे’ हा अख्खा तुकडा ३ वेळा आहे. साधन सांगणार ०.३ टक्के, लाल ठिपका. पण ‘लोणच’ शोधले तर लोणचे ८, लोणची २ आणि लोणच्या- या रूपांचे १३, मिळून २३. म्हणजे अडीच टक्के. लेख तोच. लाल ठिपका बघून जो शब्द वाढवायला जाईल त्याने अडीच टक्क्यांवर आणखी भर घातली असती.

बरे, योग्य टक्का किती? गूगलने असा कोणताही आकडा दिलेला नाही, आणि इंग्रजी लेखांवरून आलेले ‘१ ते २ टक्के’ मराठीला लागूही पडत नाहीत. इंग्रजीत ‘लोणच्यासाठी’ म्हणायला दोन-तीन शब्द लागतात, मराठीत एक. तोच मजकूर मराठीत कमी शब्दांत बसतो, म्हणजे भागाकारातला खालचा आकडाच लहान होतो. त्यामुळे टक्का हा फक्त विसंगती दाखवणारा काटा समजा. रूपे धरूनही शब्द अगदी तीन-चारदाच आला असेल तर लेख विषयावरून भरकटला आहे का ते बघा. दर दुसऱ्या वाक्यात येत असेल तर पुढचा टप्पा.

कोंबलेले कसे काढायचे

ही सुरुवात बघा, अशा शेकडो सापडतील:

‘कैरीचे लोणचे ही महाराष्ट्रातील लोकप्रिय रेसिपी आहे. कैरीचे लोणचे सर्वांना आवडते. आज आपण कैरीचे लोणचे रेसिपी मराठी मध्ये पाहणार आहोत. कैरीचे लोणचे बनवण्यासाठी कैरीचे लोणचे मसाला लागतो. चला तर मग जाणून घेऊया कैरीचे लोणचे कसे बनवायचे.’

३६ शब्द, त्यात तुकडा ६ वेळा. म्हणजे प्रत्येक तिसरा शब्द कीवर्डचा, आणि वाचकाला अजून काहीही कळलेले नाही. दुरुस्ती करताना शब्द नुसते खोडून चालत नाही, कारण खोडल्यावर वाक्यात काही उरतच नाही. प्रत्येक वाक्याला विचारा: यात माहिती कोणती? नसेल तर वाक्यच काढा आणि त्या जागी माहिती घाला:

‘कैरीचे लोणचे वर्षभर टिकते ते तीन गोष्टींवर: कोरड्या फोडी, पुरेसे मीठ आणि फोडी बुडतील इतके तेल. खाली १ किलो कैरीचे प्रमाण दिले आहे. लोणच्याचा मसाला घरी करायचा नसेल तर तयार मसाला किती घ्यावा तेही सांगितले आहे.’

हेही ३६च शब्द. अख्खा तुकडा एकदा, ‘लोणच्याचा’ एकदा. पण फोडी, मीठ, तेल, मसाला, प्रमाण हे त्या विषयाचे सगे-सोयरे शब्द आपोआप आले. लोणच्यावरच्या लेखात मोहरीची डाळ, मेथी, हिंग, बरणी, खार हे शब्द नसतील तर कीवर्ड कितीही वेळा असो, तो लेख लोणचे घातलेल्या माणसाने लिहिलेला वाटत नाही. दुसऱ्या वाचनात हे शब्द आहेत का तेही बघा.

‘मराठी मध्ये’बद्दल. वाचक शोधताना ‘मराठी’ जोडतात हे खरे आहे. पण पानाची भाषा गूगल पानावर दिसणाऱ्या मजकुरावरूनच ओळखते, त्यामुळे मराठीत लिहिलेल्या लेखात ‘हे मराठीत आहे’ असे पुन्हापुन्हा सांगायचे कारण नाही. इंग्रजी विषयाचे मराठी स्पष्टीकरण असेल तेव्हा टायटलमध्ये एकदा ‘मराठीत’ शोभते. ‘रेसिपी’ की ‘कृती’ याचा वाद घालू नका: सूचनांमध्ये ‘रेसिपी’ दिसली तर ती टायटलमध्ये एकदा घ्या, आत ‘कृती’ लिहा.

लेखाच्या तळाशी ‘पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, औरंगाबाद’ अशी गावांची माळ, किंवा पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत दडवलेले शब्द, हे गूगलच्या स्पॅम धोरणात स्पष्टपणे बसते. जुन्या लेखांत कोणी तसे करून ठेवले असेल तर पान निवडून, म्हणजे कंट्रोल-ए दाबून बघा. लपलेला मजकूर उजळून दिसतो.

शेवटी लेख मोठ्याने वाचा. जिथे तोच तुकडा लागोपाठ दोन वाक्यांत जिभेला अडतो, तिथे एका ठिकाणी ‘ते’ किंवा ‘हे’ पुरते. मराठीत तर कर्ता गाळूनही वाक्य उभे राहते: ‘आठ दिवस रोज ढवळा.’ काय ढवळायचे ते वाचकाला माहीत आहे.

एकाच शब्दावर दोन लेख

गूगलमध्ये ‘site:’ ही आज्ञा, तिला लागूनच तुमच्या संकेतस्थळाचा पत्ता आणि एक जागा सोडून ‘लोणचे’ असे टाका, म्हणजे फक्त तुमच्याच संकेतस्थळावरचे निकाल दिसतील. याच शब्दावर मागच्या वर्षीचा लेख निघाला तर नवा टाकण्याऐवजी जुनाच सुधारा. दोन अर्धवट लेख एकमेकांच्या पायात येतात.

प्रकाशित केल्यावर

खरी तपासणी सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे संकेतस्थळाच्या मालकांसाठी असलेल्या गूगलच्या फुकट साधनात होते, कारण तिथे साधनाचा अंदाज नसून लोकांनी प्रत्यक्ष टाकलेले शब्द असतात. लेख टाकल्यावर तीन-चार आठवडे तरी त्याला हात लावू नका. मग परफॉर्मन्स अहवालात तो एकच पत्ता निवडा आणि क्वेरींची, म्हणजे लोकांनी टाकलेल्या शोधशब्दांची, यादी उघडा. फार थोड्या लोकांनी टाकलेल्या क्वेरी गोपनीयतेसाठी दाखवल्या जात नाहीत, त्यामुळे यादीची बेरीज एकूण क्लिकशी जुळली नाही तर घाबरू नका.

क्वेरीचा गाळणा लावून ‘लोणच’ टाका, मग हाच शब्द रोमन लिपीत, निरनिराळ्या स्पेलिंगांनी. लोक ‘लोणचे’ किती तऱ्हांनी लिहितात ते बघून करमणूकही होते. ही स्पेलिंगे लेखात घालायची नाहीत. रोमनमधून शोधणाऱ्यालाही तुमचे पान दाखवले जाते आहे, एवढे कळले की पुरे.

दाखवले गेल्याचा आकडा, म्हणजे इम्प्रेशन, मोठा आणि क्लिक नगण्य असतील तर सरासरी स्थान बघा. ते पहिल्या दहात असेल तर दोष टायटलचा किंवा वर्णनाचा. तीस-चाळीसच्या पुढे असेल तर टायटल बदलून काही होणार नाही, मजकूरच अपुरा आहे. आणि ज्या प्रश्नासाठी पान दाखवले जाते पण लेखात त्याचे उत्तरच नाही, उदाहरणार्थ ‘लोणच्यात तेल कमी पडले तर’, तो सगळ्यांत मौल्यवान. तो कीवर्ड म्हणून घुसवू नका, त्याचा परिच्छेद लिहा: तेल कडकडीत तापवून, पूर्ण गार करून मगच ओतायचे, वगैरे.

एका वेळी एकच बदल करा आणि त्याची तारीख मसुद्याच्या वरच लिहून ठेवा. टायटल, सुरुवात आणि उपमथळे एकदम बदलले तर काय लागू पडले ते कळत नाही. तुलना करताना मागच्या महिन्याशी करू नका. कैरीचा शोध उन्हाळ्यात चढतो आणि पाऊस पडला की उतरतो. सर्च कन्सोल १६ महिन्यांची माहिती ठेवते, म्हणजे यंदाचा एप्रिल-मे गेल्या वर्षीच्या एप्रिल-मेशी ताडून बघता येतो. जुलैत आकडे कोसळले म्हणून लेखाला हात लावू नका, तेव्हा लोणचे बरण्यांत मुरत असते.